पु. ल. आणि सुनीताबाई : लोकप्रियतेच्या सावलीतला संसार

मराठी साहित्याच्या इतिहासात १२ जून या तारखेशी दोन घटना जोडलेल्या आहेत. १२ जून १९४६ रोजी रत्नागिरीत पुरुषोत्तम लक्ष्मण देशपांडे आणि सुनीता ठाकूर यांचा नोंदणी पद्धतीने विवाह झाला. १२ जून २००० रोजी पुण्यात पुलंनी अखेरचा श्वास घेतला. दोन्ही तारखांमध्ये नेमकी ५४ वर्षे होती. या काळात पुलंना महाराष्ट्राने जे प्रेम दिले, ते त्यांच्या पिढीतील क्वचितच कुणा मराठी लेखकाच्या वाट्याला आले असेल. त्या प्रेमाची दुसरी बाजू मात्र १९९० साली उजेडात आली. मौज प्रकाशनाने त्या वर्षी सुनीताबाईंचे ‘आहे मनोहर तरी’ हे आत्मकथन प्रसिद्ध केले आणि ज्या घराकडे मराठी वाचक हसऱ्या चेहऱ्याने पाहत आला होता, त्या घराचा हिशेब त्या घरच्याच बाईने मांडला.

या पुस्तकाने तेव्हा वादळ उठवले. लाडक्या लेखकाविषयी त्याच्या पत्नीने असे लिहावे काय, असा प्रश्न अनेकांनी विचारला. आपल्या मनातले कुणीतरी लिहिले, असे म्हणणाऱ्या वाचक स्त्रियाही तितक्याच होत्या. आता पुलं नाहीत आणि सुनीताबाईही नाहीत. ७ नोव्हेंबर २००९ रोजी, पुलंच्या नव्वदाव्या जन्मदिनाच्या आदल्या दिवशी त्यांचे पुण्यात निधन झाले. वादाचा धुरळा खाली बसल्यावर हे पुस्तक आणि हा संसार काय सांगतो, ते शांतपणे पाहता येते.

जोगेश्वरी, पार्ले आणि रत्नागिरी

पुलंचा जन्म ८ नोव्हेंबर १९१९ चा, मुंबईतला. त्यांचे बालपण जोगेश्वरीच्या सरस्वतीबाग वसाहतीत गेले आणि पुढे कुटुंब विलेपार्ल्याला आले. शिक्षण पार्ले टिळक विद्यालयात झाले. १९२१ साली स्थापन झालेली ही शाळा आणि १९२३ चा लोकमान्य सेवा संघ यांच्याभोवती त्या काळचे पार्ले वाढत होते. व्याख्यानमाला, गाण्याच्या बैठका, हौशी नाटके, गणेशोत्सवातले मेळे हे सारे चालत्या अंतरावर असलेल्या त्या उपनगरात एका हुशार, गळ्यात सूर असलेल्या मुलाला श्रोते मिळायला वेळ लागला नाही. आजोबा वामन मंगेश दुभाषी हे ‘ऋग्वेदी’ या नावाने लिहीत. घरात वाङ्मय आणि संगीत दोन्ही होते. वडिलांचे निधन लवकर झाले; त्यामुळे शिकवण्या, गाण्याचे वर्ग, नोकरी असे मिळेल ते करीत शिक्षण पुरे करावे लागले. मात्र लोकांना आपलेसे करण्याची कला हाती आली ती याच पार्ल्यात.

सुनीताबाईंचे वळण वेगळे होते. रत्नागिरीच्या एका वकिलांची ही मुलगी. तिचे आजोळ मालवणजवळच्या धामापूरचे. १९४२ च्या चळवळीत तिने भाग घेतला. खादी, साधेपणा, शब्दाला जागणे आणि दुसऱ्याचा पैसा आपल्याकडे न राहू देणे हे तिचे संस्कार त्या काळात पक्के झाले. मुंबईच्या ओरिएंट हायस्कूलमध्ये ही तरुणी शिक्षिका म्हणून आली तेव्हा पुलंही तेथेच शिकवत होते. तेथे दोघांची ओळख झाली.

विवाहसंस्थेवर सुनीताबाईंचा मुळात विश्वास नव्हता. दोन माणसांना एकत्र राहायचे असेल तर त्यासाठी सरकारी कागदाची किंवा धार्मिक विधीची गरज काय, असे त्यांचे मत होते. विवाह व्हावा हा आग्रह पुलंचा. पुलंचा हा दुसरा विवाह होता. पहिल्या पत्नीचे लग्नानंतर अल्पावधीतच निधन झाले होते. अखेर ना हुंडा, ना मानपान, ना मंगलाष्टके, अशा रीतीने नोंदणीचा विवाह झाला. पुढच्या सगळ्या ताणाचे बीज येथेच दिसते. बरोबरीच्या नात्याची अपेक्षा ठेवून एक स्त्री संसारात आली. आणि ज्याच्याशी तिने संसार मांडला तो पुरुष स्वभावाने उमदा, प्रेमळ असला तरी घर कसे चालते याचा विचार करण्याची सवय त्याला कधी लागली नव्हती.

कीर्तीची चढण

सुरुवातीची वर्षे भटकंतीची होती. १९४८ च्या ‘वंदे मातरम्’ या चित्रपटात दोघांनी एकत्र भूमिका केल्या. पुलं काही काळ चित्रपटव्यवसायात रमले. १९५३ च्या ‘गुळाचा गणपती’मध्ये लेखन, दिग्दर्शन, संगीत आणि अभिनय असे सारे त्यांचेच होते. बेळगावच्या राणी पार्वतीदेवी महाविद्यालयात आणि नंतर मुंबईच्या कीर्ती महाविद्यालयात प्राध्यापकी झाली. १९५५ मध्ये ते आकाशवाणीत रुजू झाले आणि पुढे दिल्लीला दूरदर्शनच्या आरंभीच्या कामात गुंतले. प्रत्येक बदलीत बिऱ्हाड बांधायचे आणि सोडायचे काम एकाच व्यक्तीकडे होते.

त्यानंतरचे दशक पुलंच्या जीवनातील सर्वांत झगमगते ठरले. ‘तुझे आहे तुजपाशी’ हे नाटक १९५७ चे, ‘बटाट्याची चाळ’ हे पुस्तक १९५८ चे. १९६१ पासून ते ‘चाळ’ एकट्याने रंगमंचावर सादर करू लागले आणि तिकिटांसाठी रांगा लागू लागल्या. ‘व्यक्ती आणि वल्ली’ला १९६५ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, १९६६ मध्ये पद्मश्री आली. ‘असा मी असामी’, ‘वाऱ्यावरची वरात’, प्रवासवर्णने, विनोदी लेख, भाषणे यांचा ओघ सुरू राहिला. १९७४ मध्ये इचलकरंजीच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद आणि त्याच वर्षी ‘ती फुलराणी’, १९७८ मध्ये ‘तीन पैशांचा तमाशा’, १९९० मध्ये पद्मभूषण, १९९६ मध्ये महाराष्ट्रभूषण अशी ही यादी वाढत गेली.

अशी कीर्ती घरात शिरते तेव्हा ती एकटी येत नाही. तिच्याबरोबर पत्रांचे गठ्ठे येतात, निमंत्रणे येतात, वेळ न ठरवता येणारी माणसे येतात. प्रयोगाची तारीख, नाट्यगृहाचे भाडे, सहकलाकारांचे मानधन, प्रकाशकाकडून येणे असलेली रक्कम, प्राप्तिकराचे कागद, मुद्रिते तपासणे, पाहुण्यांचे जेवण, गाडी चालवणे, औषधांच्या वेळा या सगळ्याला ‘साहित्यनिर्मिती’ असे कुणी म्हणत नाही. पण यांपैकी एक गोष्ट थांबली तरी लेखकाचे लिहिणे थांबते. देशपांडे यांच्या घरी ही सारी कामे सुनीताबाई पाहत. पुलंनी लोकांना हसवावे, गाण्यात रमावे, मैफली रंगवाव्यात. आणि नको असलेल्या गोष्टीला ‘नाही’ म्हणण्याचे काम सुनीताबाईंनी करावे, अशी विभागणी न बोलता होऊन गेली.

‘नाही’ म्हणणारी बाई

या विभागणीची किंमत प्रतिमेच्या रूपात मोजावी लागली. पुलं सर्वांचे ‘भाई’ झाले आणि सुनीताबाई कडक, शिस्तीच्या, जवळ जायला अवघड अशा ठरल्या. पुलंनी स्वतःच ‘देशपांडे’ला जोड म्हणून केलेली ‘उपदेशपांडे’ ही कोटी महाराष्ट्रभर पसरली. कोटी मजेची होती. पण एखाद्या विनोदाने माणसाची ओळख कशी ठरून जाते, याचेही ते उदाहरण आहे.

पुलंच्या नाटकांचे आणि लेखांचे प्रयोग लेखी परवानगीशिवाय आणि ठरलेल्या मानधनाशिवाय होऊ नयेत, याविषयी सुनीताबाई आग्रही होत्या. हौशी मंडळांना हे जाचक वाटे. लेखकाचे शब्द म्हणजे गावचा पाणवठा, कुणीही यावे आणि घागर भरून न्यावी, अशी आपल्याकडची जुनी समजूत. कायद्याची भूमिका वेगळी आहे. १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्यानुसार लेखकाच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे हक्क त्याच्या वारसांकडे राहतात. म्हणजे पुलंच्या साहित्याचे हक्क २०६० च्या अखेरपर्यंत अबाधित आहेत. मराठीत या हक्काची जाणीव रुजवण्यासाठी ज्या थोड्या व्यक्ती झगडल्या, त्यांत सुनीताबाईंचे नाव घ्यावे लागते.

असा काटेकोरपणे जमवलेला पैसा कोठे गेला, हे पाहिल्याशिवाय त्या कडकपणाचा अर्थ लागत नाही. पु. ल. देशपांडे प्रतिष्ठानाच्या माध्यमातून या दांपत्याने अनेक संस्थांना, बहुतेक वेळा गाजावाजा न करता, मदत केली. १९८६ मध्ये पुण्यात सुरू झालेल्या ‘मुक्तांगण’ या व्यसनमुक्ती केंद्राच्या उभारणीत त्यांची देणगी होती. पुलंच्या मागे सुनीताबाईंनी ‘आयुका’ या संस्थेला दिलेल्या देणगीतून मुलांसाठी विज्ञानशोधिका उभी राहिली. तिच्या इमारतीचे नाव ‘पुलस्त्य’ आहे. स्वतःच्या घरात साधेपणा आणि सार्वजनिक कामाला हात सैल, हा या संसाराचा खरा ताळेबंद होता. दोघांचे त्यावर कधी दुमत झाले नाही, हेही लक्षात ठेवले पाहिजे.

पुस्तकातली तक्रार नेमकी कोणती?

‘आहे मनोहर तरी’ हे रूढ अर्थाने आत्मचरित्र नाही. त्यात कालक्रम नाही. आठवण येईल तशी लेखणी रत्नागिरीच्या घरात, धामापूरच्या तळ्याकाठी, चळवळीच्या दिवसांत, पार्ल्यात, दिल्लीत फिरते. या फिरण्यात मधूनमधून पती भेटतो आणि तो लोकांना माहीत असलेल्या पुलंपेक्षा वेगळा असतो.

तक्रार व्यसनाची नाही, मारझोडीची नाही, फसवणुकीची नाही. ज्या पुरुषाविषयी ती आहे त्याच्या मोठेपणाविषयी, निर्मळपणाविषयी लेखिकेला शंका नाही. किंबहुना त्याच्या गुणांचे इतके नेमके वर्णन दुसऱ्या कुणी केले नसेल. तक्रार आहे ती गृहीत धरले जाण्याची. खेळण्यात रमलेल्या मुलासारखा हा माणूस आपल्या आनंदात इतका बुडालेला असतो की शेजारच्या माणसाला काय हवे आहे, हे विचारायचे त्याला सुचतच नाही. जगाच्या दुःखाने हळवा होणारा लेखक घरातल्या थकव्याकडे पाहत नाही. हे क्रौर्य नव्हे, पण ज्याच्या वाट्याला येते त्याला ते कमी लागत नाही.

लेखिका स्वतःलाही सोडत नाही. आपला हट्ट, आपली नेटकेपणाची अतिरेकी सवय, आपल्या बोलण्यातली धार यांचाही हिशेब ती मांडते. पतीची बाजू मांडायला तो समोर आहे आणि तो कधी मांडणार नाही, हे ठाऊक असलेल्या माणसाची सावधगिरी या लेखनात आहे. म्हणूनच पुस्तक आरोपपत्रासारखे वाचणाऱ्यांची निराशा होते आणि प्रेमकथेसारखे वाचणाऱ्यांचीही. ते दोन्ही एकाच वेळी आहे.

परंपरा आणि वेगळेपण

नामवंतांच्या पत्नींनी लिहिण्याची परंपरा मराठीत जुनी व समृद्ध आहे. न्यायमूर्ती रानडे यांच्या निधनानंतर नऊ वर्षांनी, १९१० मध्ये, रमाबाईंचे ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ आले. कवी ना. वा. टिळक १९१९ मध्ये गेले. लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’चा पहिला भाग १९३४ चा. माधव जूलियन यांच्या निधनानंतर लीलाबाई पटवर्धनांनी ‘आमची अकरा वर्षे’ लिहिले. यांतील बहुतेक आठवणी पतीच्या पश्चात लिहिल्या गेल्या. आनंदीबाई कर्वे यांचे १९४४ चे ‘माझे पुराण’ हा महर्षी कर्वे हयात असताना आलेला अपवाद.

गेल्या शतकाच्या अखेरच्या दोन दशकांत हा सूर बदलला. मल्लिका अमर शेख यांचे ‘मला उद्ध्वस्त व्हायचंय’ हे १९८४ मध्ये आले, तेव्हा नामदेव ढसाळ कवी आणि दलित पँथरचे नेते म्हणून प्रसिद्धीच्या झोतात होते. माधवी देसाई यांनी ‘नाच गं घुमा’मध्ये रणजित देसाई यांच्याबरोबरच्या मोडलेल्या संसाराची कहाणी सांगितली. कमल पाध्ये, यशोदा पाडगावकर, रागिणी पुंडलिक यांनीही साहित्यिकाच्या घरातून लिहिले. या सर्वांत सुनीताबाईंचे वेगळेपण असे की त्यांचे पुस्तक ना स्मारक होते, ना फारकतीचे निवेदन. पती हयात होता, संसार चालू होता, त्याच वर्षी पद्मभूषणही आले. आणि त्या संसारात राहूनच त्यांनी त्याच्याविषयी लिहिले. निघून जाण्यापेक्षा हे कदाचित अवघड होते.

बाहेरच्या जगातले जवळचे उदाहरण टॉलस्टॉय दांपत्याचे. सोफिया यांनी १८६२ मध्ये विवाह केल्यावर तेरा मुलांना जन्म दिला आणि ‘युद्ध आणि शांती’च्या हस्तलिखिताच्या नकला हाताने उतरवून काढल्या. उत्तरायुष्यात लेखनाच्या हक्कांवरून दोघांत तीव्र संघर्ष झाला. १९१० मध्ये वृद्ध टॉलस्टॉय रात्री घर सोडून निघाले आणि आस्तापोवो या रेल्वे स्थानकावर त्यांचा अंत झाला. सोफिया यांच्या रोजनिशीतही तोच प्रश्न आहे : जगाचा होऊन गेलेला माणूस घरी कुणाचा असतो? तेथे हक्कांच्या प्रश्नाने घर फोडले. पार्ल्याच्या या लेखकाच्या घरात मात्र ते हक्क सांभाळणे हेच पत्नीचे काम झाले आणि त्यातून आलेला पैसा दोघांच्या संमतीने समाजाकडे परत गेला.

कविता, पत्रे आणि स्वतःची जागा

ताण होता, तसे जोडणारे धागेही होते. त्यांत सर्वांत बळकट धागा कवितेचा. बा. भ. बोरकर, बा. सी. मर्ढेकर यांच्या कवितांचे जाहीर वाचन दोघांनी मिळून केले. या कार्यक्रमांत सुनीताबाई व्यवस्थापक नव्हत्या आणि पुलं विनोदकार नव्हते. दोघेही कवितेसमोर सारख्याच अंतरावर उभे असत. लग्नाच्या वेळी अपेक्षिलेली बरोबरी बहुधा या मंचावर सर्वांत स्पष्टपणे दिसली असेल.

दुसरा अवकाश त्यांनी पत्रांत शोधला. धारवाडला राहणारे, लोकांपासून दूर असणारे कथाकार जी. ए. कुलकर्णी यांच्याशी त्यांचा दीर्घ पत्रव्यवहार होता. जी. ए. १९८७ मध्ये गेले. सुनीताबाईंची पत्रे पुढे ‘प्रिय जी. ए.’ या नावाने प्रसिद्ध झाली. पुस्तके, चित्रपट, माणसे, मृत्यू अशा विषयांवर तेथे बोलणारी व्यक्ती कुणाची पत्नी म्हणून बोलत नाही. ‘सोयरे सकळ’, ‘मण्यांची माळ’, ‘समांतर जीवन’ या पुस्तकांतून त्या स्वतंत्र लेखिका म्हणून उभ्या राहिल्या. पण पहिले पुस्तक आले तेव्हा त्यांनी वयाची साठी ओलांडली होती. त्या आधीची चाळीस वर्षे त्या लेखणीने बहुतेक दुसऱ्याचेच कागद नीट लावले, हे या कहाणीतील सर्वांत मोठे नुकसान म्हणावे लागेल. ते केवळ त्यांचे नव्हे, मराठीचेही आहे.

आजच्या वाचकासाठी

२०१९ मध्ये पुलंच्या जन्मशताब्दीच्या वर्षात महेश मांजरेकर दिग्दर्शित ‘भाई : व्यक्ती की वल्ली’ हा चित्रपट दोन भागांत आला. त्यात इरावती हर्षे यांनी साकारलेल्या सुनीताबाई नव्या पिढीला भेटल्या. पुलंच्या साहित्याची ओढही ओसरलेली नाही. विलेपार्ल्याचे दीनानाथ, बोरिवलीचे प्रबोधनकार ठाकरे किंवा मुलुंडचे कालिदास नाट्यमंदिर, कोठेही पुलंच्या लेखनावर आधारित कार्यक्रम असला की आजही सभागृहात ओळखीचे हशे पिकतात.

त्या हशांमागे एक घर होते आणि ते चालवणारी एक व्यक्ती होती, एवढे भान सुनीताबाईंच्या पुस्तकाने दिले. त्याने पुलं लहान होत नाहीत. उलट, आपल्याविषयीचे इतके कठोर लेखन आपल्याच घरात लिहिले जात असताना ज्या घराने ते लिहू दिले आणि प्रसिद्ध होऊ दिले, त्या घरात मोकळेपणा किती मुरलेला असेल, याचीही ती साक्ष आहे. पुस्तकानंतर दहा वर्षे हा संसार चालला. पुलंना कंपवाताने ग्रासले तेव्हा त्यांची शुश्रूषा सुनीताबाईंनीच केली.

पुलंची पुस्तके ज्या घरांत आहेत, तेथे ‘आहे मनोहर तरी’ही असावे. ‘व्यक्ती आणि वल्ली’मधली माणसे लेखकाने किती मायेने पाहिली, हे आपल्याला माहीत आहे. त्या लेखकाला तितक्याच मायेने, पण न चुकता पाहणारी एक नजर त्याच्याच घरात होती. ती नजर वाचल्याशिवाय पुलंचीही ओळख अपुरी राहते.